बरगडीसाठी दिलेली गोळी

सोम., ३ फेब्रु.
नागीण जाऊन दहा आठवडे, तरी डाव्या बरगडीवरची आग तशीच. दुखणं ७/१०. जीपीने फोनवर अ‍ॅमिट्रिप्टिलीन लिहून दिली, दहा मिलिग्रॅम. आतला कागद दोन्ही बाजूंनी वाचला. पहिलाच उपयोग: डिप्रेशन. नसांचं दुखणं त्याखाली! फोन स्पीकरवर होता. मी चष्मा आणायला उठलो तेवढ्यात माधुरी डॉक्टरांशी काहीतरी बोलली. काय?

मंगळ., ४
विचारलं. "अहो, फार्मसी कुठली ते सांगितलं!" असेल. गोळी घेतली नाही.

रवि., ९
ईशा आली. लेक फार्मसीत, म्हणून बापाला शिकवणार. "बाबा, डिप्रेशनचा डोस खूप मोठा असतो. ही नसांसाठी." म्हटलं, कॉलेजचं तोंड न पाहता युनिव्हर्सिटीचे मायक्रोस्कोप दुरुस्त करतो, कागद मलाही वाचता येतो. "मग घे ना!"
संध्या. ८.००, पहिली गोळी.

मंगळ., १८
तोंड कोरडं. पोट साफ नाही. सकाळी साडेनऊपर्यंत डोकं जड. कार ठेवून बसने गेलो. दुखणं ५. झोप सलग सहा तास. माधुरी सारखी माझ्याकडे बघते.

रवि., २ मार्च
अ‍ॅपवर स्वतःचा रेकॉर्ड उघडला. 'लो मूड' कुठेही नाही. नागिणीनंतरचं दुखणं, एवढंच. म्हणजे ती बोलली नव्हती. पोहे केले. "आज काय विशेष?" काही नाही म्हटलं.

शुक्र., १४
दुखणं २. गॅरेजमधला पितळी मायक्रोस्कोप काढला. तिकडे भारतात आई वारली, मला पोचता आलं नाही, तेव्हापासून तीन वर्षं झाकलेला. स्क्रू पुसताना शीळ घालत होतो म्हणे. माधुरी दारात. "थांबलात का? चालू दे की."

सोम., १७
ईशाला फोन. हे गोळीने का? "एवढ्याशा डोसने नाही, बाबा. झोप चांगली लागते, दुखत नाही, म्हणून असेल. पण तू परत तू झालास."
म्हणजे आधी कोण होतो? विचारलं नाही.

गुरु., २०
जीपीचा ऑनलाइन फॉर्म. दुखणं गेलं असेल तर गोळी हळूहळू बंद करू, म्हणतात. आज ०. दोनदा दाबून पाहिलं. ३ लिहिले तर गोळी राहील. पण खोटं रीडिंग आयुष्यात लिहिलेलं नाही. ० लिहिलं.
खाली रिकामी चौकट: आणखी काही सांगायचंय?
माधुरीला हाक मारली. खुर्ची ओढून बसली.
'माय मदर' एवढं टाइप केलंय. अजून पाठवलेलं नाही.