गोळ्यांची घंटी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. माझी तब्येत ठीक आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

परवा फोनवर मी एवढंच म्हणालो, की आईच्या गोळ्यांची वेळ घड्याळात बघ, मोबाइलच्या घंटीवर विसंबू नकोस. कारण सांगायला जीभ रेटली नाही.

ती घंटी वाजवणारं ॲप आमच्याच कंपनीचं. आता ते हाताने तपासत नाहीत. मी पायऱ्या लिहून देतो: हे बटण दाब, वेळ भर, घंटी वाजली का बघ. त्याप्रमाणे यंत्र स्वतःच ॲप चालवून बघतं. सगळं जुळलं की हिरवी खूण, नाहीतर लाल.

घंटीच्या पायरीवर दहातून एकदा लाल यायचं. घंटी वाजायच्या आधीच यंत्र घाईने बघत असेल असं समजून मी ‘वाजली का बघ’ ही ओळच काढून टाकली. मग तीन महिने सगळं हिरवंगार. शाबासकीही घेतली.

आता तक्रारी आल्यात, घंटी खरंच चुकते. साहेब म्हणाले, "काका, ही ओळ लिहायची राहिली वाटतं!"

मी म्हणालो, "राहिली असेल."

तेव्हापासून देवापुढे बसलो तरी मान वर होत नाही. उद्या साहेबांना खरं सांगणार आहे.

आई शेजारणींना सांगते ना, "माझा लेक तिकडून घंटी वाजवतो" म्हणून? तिची एखादी गोळी चुकली असेल, तर तसं कळव. मला बरं वाटावं म्हणून लपवू नकोस.

तुझाच,
धाकटा