घरातला दुसरा प्रौढ

४ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी अधिकृत आहे. राज्याच्या पाळणाघर खात्यानं मला माझ्या बायकोच्या, मार्लिसच्या पाळणाघरात 'दुसरा प्रौढ' म्हणून मंजुरी दिली. त्यासाठी बोटांचे ठसे झाले, पोलिसांकडून चौकशी झाली, दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. ट्रेनिंगमध्ये जेवणानंतर जरा डोळा लागला, पण सार कळलं.
मार्लिस इतकी वर्षं घरात एकटीनं पोरं सांभाळतेय. एकटीला मोजकीच घेता येतात. मी आल्यामुळे आता बारापर्यंत घेता येतील, म्हणजे धंदा माझ्यामुळे वाढला. मिलमध्ये माझ्या हाताखाली अख्खी शिफ्ट होती. मिल बंद पडली यात माझा काहीही दोष नव्हता.
मार्लिस म्हणाली, हार्लन, तू फक्त घरात असायचंस. बाकी काही करू नकोस. तिला माझी कुवत अजून कळलेली नाही.

१२ नोव्हेंबर
सकाळी बेकन तळताना धुराचा अलार्म वाजला. खुर्चीवर चढलो, बॅटरी काढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कालही असंच झालं होतं. पोरांना कुणीतरी खंबीर माणूस हवा असतो. बॅटरी संध्याकाळी परत घालतो. बहुतेक.

२१ नोव्हेंबर
नियमाप्रमाणे महिन्यातून एकदा आगीची रंगीत तालीम घ्यायची असते. काम माझ्याकडे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. बारा पोरांना बर्फातल्या विजारी, बूट आणि हातमोजे चढवेपर्यंत खरं घर जळून खाक होईल. म्हणून तालीम तोंडी घेतली. आग लागली तर बाहेर जायचं, असं सांगितलं. पोरं हो म्हणाली. तक्त्यावर 'झाली' अशी खूण केली. झालीच की.

३ डिसेंबर
खात्याच्या मिसेस क्वाम न सांगता तपासणीला आल्या. हे मला पटत नाही. पाहुण्यानं फोन करून यावं.
त्यांनी सगळ्या पोरांना गोल बसवून विचारलं, अलार्म वाजला की आपण काय करतो? मी पोरांकडे बघून दाराकडे मान हलवत होतो. मेबल, वय वर्षं चार, उभी राहिली आणि म्हणाली, हार्लन खुर्चीवर चढतो, बॅटरी काढतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. मग मी खुर्चीवर काय काय बोलतो तेही तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.
मार्लिस कानापर्यंत लाल झाली. मिसेस क्वामना मी सांगितलं की मेबलची कल्पनाशक्ती दांडगी आहे. तेव्हा त्यांनी वर छताकडे पाहिलं. आज बॅटरी नव्हती.
लेखी ताकीद मिळाली. पुन्हा येणार म्हणाल्या.

४ डिसेंबर
संकल्प: यापुढे नियम म्हणजे नियम. नियमावली काढून वाचायला घेतली. जाडजूड आहे. पाळण्यात बाळाजवळ पांघरूण नको, खेळणं नको, पाठीवरच झोपवायचं. हे मार्लिसला माहीतच आहे, म्हणून ते प्रकरण सोडलं. हजेरीच्या प्रकरणाशी थांबलो. हा माझा विषय. मिलमध्ये हजेरी मीच बघायचो.

१० डिसेंबर
मेबलची आई रोशेल वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. नवरा नाही. मेबलची बहुतेक फी राज्य भरतं. त्याची अट अशी की मुलीला सोडताना आणि नेताना आईनं स्वतः दाराजवळच्या टॅबलेटवर आपला गुप्त नंबर दाबायचा. आईनंच. रोशेल उजाडायच्या आत येते, बाहेर गाडी चालूच ठेवते, हातमोजे काढते, आणि गारठलेली बोटं टॅबलेटला कळतच नाहीत. रोज उशीर. मला बघवेना. म्हटलं, नंबर मला देऊन ठेव, मी दाबत जाईन.
ती म्हणाली, चालेल ना हार्लन? नंतर काही व्हायचं नाही ना? म्हटलं, अगं, मी अधिकृत आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्यासारखं कुणी नाही, म्हणाली.
मार्लिसला सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसते.

१५ जानेवारी
नंबर आता पहिल्या कॉफीबरोबरच दाबून टाकतो, रोशेल यायच्या आधी. मिलमध्ये याला नियोजन म्हणत.

२२ जानेवारी, सकाळ
रोशेलचा फोन. मेबलला ताप आहे, तिच्या मावशीकडे ठेवतेय. म्हटलं, चिकन सूप पाज. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नंबर दाबून झालाय. रद्द करायचा तर खात्याला फोन करावा लागतो आणि ते तासभर संगीत ऐकवतात. दुपारी बघू.
मार्लिस गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेलीय. थंडीमुळे आज मोजकीच पोरं आहेत, एकटा सहज सांभाळीन.

२३ जानेवारी
काल संध्याकाळी लिहवलं नाही. आज लिहितो.
मार्लिस डॉक्टरकडून परतली आणि मागोमाग मिसेस क्वाम दारात. त्यांनी टॅबलेट पाहिला, मग डोकी मोजली. टॅबलेटवर सहा, घरात पाच. त्यांनी विचारलं, मेबल कुठाय?
मार्लिसनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, आत्ता तर इथेच होती.
का आलं ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. मिसेस क्वाम समोर होत्या. वाटलं, थोडा वेळ मिळाला तर नीट शब्दांत सांगता येईल. पण मार्लिसनं मागचं दार पाहिलं. कडी निघालेली होती, कचरा टाकून आल्यावर मीच लावायची विसरलो होतो. ती तशीच पळाली. कोट नाही, पायात घरातल्या सपाता, तो गुडघा. आमच्या अंगणाच्या पलीकडे थेट तळं आहे.
मिसेस क्वामनी पोरांना एका जागी बसवलं आणि मला म्हणाल्या, तुम्ही घर बघा. मी घर बघितलं. पलंगाखाली वाकलो. कपाटं उघडली. कपडे वाळवायच्या मशीनचं दार उघडून आत डोकं घातलं आणि मेबल, मेबल अशी हाक मारली. बाहेरून मार्लिसचा आवाज येत होता, तीसुद्धा मेबल, मेबल ओरडत होती. मला ऐकू येत होतं. तरी मी सिंकखालचं कपाट उघडलं.
मिसेस क्वामचा फोन रोशेलला लागला. स्पीकरवर होता. रोशेल म्हणाली, अहो, ती आजारी आहे, मी पहाटेच हार्लनना सांगितलंय.
मिसेस क्वामनी फोन ठेवला. मार्लिसला बोलवायला कुणीतरी जायला हवं होतं. मी गेलो. ती तळ्यावर बर्फात उभी राहून ओरडत होती, आवाज बसला होता. मी सांगितलं. तिनं मेबल बरी आहे का एवढंच विचारलं. चढावर मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

३१ जानेवारी
निकाल आला. मार्लिसचं लायसन्स आता 'अटींवर' आहे. तसं पत्र पालकांना दिसेल असं दारावर लावायचं. माझी मंजुरी रद्द. पोरं घरात असताना, म्हणजे सकाळपासून पाचपर्यंत, मी घरात थांबायचं नाही. माझ्याच घरात!
पत्र मी चिकटवलं. वाकडं लागलं. मार्लिसनं काढून सरळ लावलं.
रोशेलला मिळणारी फीची मदत चौकशी होईपर्यंत थांबवलीय. तिनं नंबर दुसऱ्याला दिला म्हणून. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, नंबर तिनं स्वतःच दिला. यात एकही शब्द खोटा नाही.
मागितला मी होता. चालेल असं मी म्हणालो होतो. हे त्यांनी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी
संकल्प: खात्याला फोन करून सगळं सांगायचं. रोशेल आता रात्रपाळी करते, दिवसा मेबलजवळ बसते, झोपते कधी कोण जाणे. आज शुक्रवार, लोक कामाच्या मूडमध्ये नसतात. सोमवारी करीन.

१२ फेब्रुवारी
दिवसभर लायब्ररीत बसतो, पण तिथून फोन करणं बरं दिसत नाही. हार्डवेअरच्या दुकानात कॉफी फुकट असते म्हणून तिथे बसलो, तर सगळे मिलचे. लोडिंगवरचा एल्डन म्हणाला, काय रे हार्लन, पोरगी सापडली का? सगळे हसले. मीही हसलो.

१५ फेब्रुवारी
लाज वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

२१ फेब्रुवारी
सुपरमार्केटमध्ये मेबल भेटली, मावशीबरोबर. मला बघून धावत आली. म्हणाली, हार्लन, मी हरवले होते तेव्हा तू मला कपड्यांच्या मशीनमध्ये शोधलंस? पोरांनी सांगितलं असणार. म्हटलं, हो. ती खूश झाली. म्हणाली, मी तर मावशीकडे होते! तुला माहीत नव्हतं?
मावशी माझ्याकडे बघत होती. मी मेबलला म्हटलं, माहीत होतं. ती म्हणाली, मग कशाला शोधत होतास?
मावशीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, चल गं, आपल्याला उशीर होतोय.
पिकअपमध्ये बसून खात्याला फोन लावला. संगीत संपेपर्यंत थांबलो. मग बाईंना सगळं सांगितलं. नंबर मी मागितला, चालेल असं मीच म्हणालो, तिचा काही दोष नाही, आणि त्या दिवशी मला ठाऊक असूनही मी पोरीला शोधत फिरलो. हुंदका आला, तोही दाबला नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मिस्टर ऑस्टबी, हे सगळं तुमच्या पत्नीनं त्या मुलीच्या आईला विचारून, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी येऊन लिहून दिलंय. तिची मदत गेल्या सोमवारपासून पुन्हा सुरू झालीय. तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही का?
नाही म्हटलं.
त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? म्हटलं, नाही. फोन ठेवला. घड्याळात अडीच वाजले होते. पाचपर्यंत घरी जाता येत नाही, म्हणून तिथेच बसून राहिलो.