भिंतीवरचा वाणीदादा

आप्पा, अकरा तारखेला, मंगळवारी, सकाळी दहा वाजून सदतीस मिनिटांनी मी तुम्हाला तूरडाळीच्या वर भिंतीवर टांगलेलं पाहिलं. काही बिघडलं की आधी वेळ टिपायची, ही टेलिफोन खात्यातली छत्तीस वर्षांची सवय. त्यामुळे पिशवी खाली ठेवून मी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं आणि मग तुमच्याकडे. तुम्ही दारापेक्षा उंच होतात. कडक इस्त्रीचा सदरा, उजव्या हातात तराजू, आणि फोटोग्राफरने ‘हसा’ म्हटल्यावर तुम्ही करायचात तो अवघडलेला चेहरा. खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपले वाणीदादा. पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास.’ तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. तुमचा एवढा मोठा फोटो आपल्या घरातही कधी लागला नाही.

हे सुपरमार्केट आमच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. माझ्या डोळ्यांदेखत त्याने तीन सोंगं घेतली. उघडलं तेव्हा सगळं पांढरं होतं: पांढरी फरशी, पांढऱ्या ट्यूबा, लोखंडी पांढऱ्या मांडण्या. शेजारच्या आजींनी पहिल्या दिवशी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत हळू आवाजात बोलत राहिल्या, जणू कुणाला तरी ऑपरेशनला नेलंय. पुढे लाल-पिवळं आलं. छतावरून पुठ्ठ्याचे बाण लोंबायचे, खांबांना आरसे लावले होते, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी कर्ण्यातून साबणाचा भाव ओरडायचं. आता महिनाभर बंद ठेवून त्यांनी गाव आणलंय. भिंतींना शेणाने सारवल्यासारखा रंग, त्यावर टांगलेली सुपं आणि पाट्या, कोपऱ्यात बैलगाडीचं चाक, तारेच्या पिंजऱ्यात पिवळे दिवे, ज्यांच्या उजेडात डाळीवरची तारीखसुद्धा वाचता येत नाही. सोलापुरी चादर काचेत घालून लावलीय. ज्या गावात निम्मे लोक एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणतात, तिथे चादर काचेत! तुमच्या फोटोपुढे शोभेचा लाकडी काउंटर, त्याला लागून डाळीची पोती उघडी मांडलीत, म्हणून मी एकात बोट घातलं. तीन बोटं डाळ, खाली थर्माकोल. विकायची डाळ बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत.

तिथे काम करणारी एक बाई माझ्याकडे पाहत होती. चाळिशीची असेल, तोंडात सुपारी. मी विचारलं, “हा फोटो कुणाचा?”

“वाणीदादा की, मावशी. खाली लिवलंय बगा.”

“वाचलं. त्यांचं नाव काय?”

“त्ये न्हाय म्हाईत. पुण्याचा डिझायनर आला हुता, त्येनं लावलाय. लई चालतोय फोटो. समद्या बायका हितं सेल्फी काढत्यात. तुमचा काडू का? तराजूकडं बोट करून हुबं ऱ्हावा.”

“माझा काढायची गरज नाही. मॅनेजरला बोलवा.”

“आवो, रागावताय कशाला? फोटो काय डाळीसंग इकत न्हाय आमी.”

मॅनेजर आला. पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, जिभेवर साखर. म्हणाला, फोटो कुठल्यातरी जुन्या स्मरणिकेत सापडला, हेरिटेज लुकला एकदम शोभला. मी म्हणाले, हे वाणी नव्हते. मिल कामगारांच्या सहकारी भांडारात व्यवस्थापक होते, नोकरदार होते. आणि एक दिवस सोडला तर यांनी जन्मात गिऱ्हाइकासमोर तराजू धरला नाही. तो हसला. “पण मॅडम, फोटोत तर धरलाय.” मग त्याने अगदी अदबीने विचारलं, “तुमचे कोण लागतात?”

मी म्हणाले, “ओळखीचे होते.”

हे लिहिताना आत्ताही माझा हात थांबला. एक तक्रार त्यांच्याविरुद्ध होती, त्याच मिनिटाला एक माझ्याविरुद्ध तयार झाली. पण क्रमाने सांगते, कारण त्या फोटोची हकीगत आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

तुम्ही भांडारात लागलात तेव्हा तिथे एक लांब सागवानी काउंटर होता. काउंटरच्या मागे पोती, तोलणारा माणूस आणि तराजू, पुढे पिशव्या घेऊन बायका. तुम्ही मॅट्रिक झालेले, हिशेबाला चोख, म्हणून संचालकांनी तुम्हाला आतल्या खोलीत टेबल-खुर्ची दिली. तोलणाऱ्याला ताप आला त्या दिवशी तुम्ही उठलात आणि तराजू हातात घेतलात. पहिली बाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, मी उद्या येते.” दुसरीने भरलेली ज्वारी पिशवी उलटी करून परत पोत्यात ओतली. तुम्ही बुद्धविहाराच्या गल्लीत राहता हे सगळ्यांना माहीत होतं. दुपारपर्यंत भांडारात माशीसुद्धा उरली नाही. हे तुम्ही घरी आईला सांगत होतात तेव्हा मी दाराआड अभ्यास करत बसले होते. तुम्ही चिडून बोलत नव्हतात. एखाद्या यंत्रात काय अडकतंय ते मिस्तरी सांगतो, तसं सांगत होतात. शेवटी म्हणालात, “हात दिसतो म्हनून हाय सगळं. हात दिसलाच न्हाय तर?”

दोन महिन्यांनी तुम्ही संचालकांकडून काउंटर काढायची मंजुरी आणलीत. त्याच सागवानाच्या फळ्या कापून मांडण्या केल्या, मिलमधला यंत्रांचा उरलेला पिस्ता रंग त्यांना दिला, दोन ट्यूबा लावल्या. तूरडाळ, साखर, रवा, सगळं आधीच तोलून पाकिटात बंद. बायकांनी आत यायचं, हवं ते स्वतः उचलायचं. दुकान उघडायच्या आधी आतल्या खोलीत दार लावून तुम्हीच तोलत होतात, तुम्हीच भरत होतात. बंद पाकिटावर हात दिसत नाही. बायका म्हणाल्या, किती स्वच्छ, किती टापटीप! अध्यक्षांनी वार्षिक सभेत सांगितलं की मुंबईच्या धर्तीवर स्वयंसेवा आणणारं हे आपल्या भागातलं पहिलं भांडार. टाळ्या पडल्या. तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात.

पाकिटं आपल्या स्वयंपाकघरात होत होती. रविवारी सकाळी आई स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवते, जुनी वर्तमानपत्रं चौकोनी कापलेली, आम्ही तिघी बहिणी गोल बसलेल्या. खळीत गुठळी झाली की आई तुमच्यावर घसरते. “भांडार संचालकांचं, खुर्ची तुमची, आणि खळ माझी! एक दिवस हीच वाढीन ताटात.” तुम्ही म्हणता, “वाढ की. मीठ घाल फकस्त.” तुम्हाला हसताना मी तिथेच पाहिलंय, स्टोव्हपाशी, बोटांना कागद चिकटलेले असताना. मांडणीवर लावायच्या भावाच्या चिठ्ठ्या मात्र माझ्याकडे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने घोटून घेतलेलं माझं अक्षर तुम्हाला फार आवडायचं. तुम्ही मला त्यासाठी खास चपटा ब्रश आणि काळ्या शाईची दौत आणून दिली होती. आठवीतल्या मुलीचं अक्षर अख्ख्या भांडारात लावलेलं. वर्गात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

फोटो त्या वर्षीच्या स्मरणिकेचा. फोटोग्राफर म्हणाला, नुसत्या मांडण्यांसमोर माणूस उभा केला तर लायब्ररी वाटेल, तराजू आणा. तुम्ही अध्यक्षांना म्हणालात, “साहेब, मी तराजू धरत नाही.” अध्यक्ष हसून म्हणाले, “फोटोत कोण बाटतंय? धरा की.” सगळे हसले. त्यांना सगळं माहीत होतं आणि तरी हसले. तुम्ही तराजू धरलात. तो एक क्षण पुण्याच्या डिझायनरला सापडला, आणि आता तीन पोती थर्माकोलवर तुम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे वाणी होऊन बसलात. ज्या काउंटरने तुम्हाला उठवलं तो आता सजावट म्हणून परत आलाय आणि त्यांनी त्यामागे नेमकं तुम्हालाच उभं केलंय. मला राग आला तो याचा. तुम्ही अक्कल लढवून जे मोडलंत, ते या लोकांना गोड वाटतं.

आता माझं. त्याच वर्षी दिवाळीआधी माझी एक मैत्रीण आणि तिची आई भांडारात आल्या होत्या. स्टेशनजवळच्या बंगल्यात राहणाऱ्या, घरात पियानो असलेल्या. मी तुम्हाला डबा द्यायला आले होते. मैत्रिणीने मला पाहिलं आणि आनंदाने इंग्रजीत विचारलं, तूसुद्धा इथे? यांना ओळखतेस? मी डबा मांडणीवर साबणाच्या पाकिटांमागे सरकवला आणि इंग्रजीत म्हणाले, “हा माणूस इथं कामाला आहे.” खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतात. तुम्ही रव्याचं एक पाकीट उचललंत, माझ्या हातात न देता माझ्यासमोर पैसे घ्यायच्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, “घ्या, ताई. आणखी काय हवं असेल तर सांगा.” स्वतःच्या मुलीला अहो-जाहो. माझं नाटक तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांभाळलंत. मी ते पाकीट घेऊन बाहेर पडले आणि कोपऱ्यावर उभी राहून त्या दोघी जाईपर्यंत परत आत आले नाही.

संध्याकाळी तुम्ही एकच वाक्य बोललात. जेवताना, भाकरी मोडत. “इंग्रजी बोलताना मान खाली घालत जाऊ नगं. फी भरलीय आपन.” आईने विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, काय न्हाय. तुमचं इंग्रजी म्हणजे डब्यांवरची लेबलं वाचण्यापुरतं. तुम्ही वाक्य समजून बोललात की नुसती मान पाहून बोललात, हे मला तेव्हा विचारवलं नाही. नंतर नोकरी लागली, लग्न झालं, आडनाव असं मिळालं की कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही, आणि मी त्या आडनावात आरामात राहिले. तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा सतरा दिवस मी उशाशी बसले. त्या सतरा दिवसांतही विचारलं नाही.

गुरुवारी मी पुन्हा त्या दुकानात गेले. मॅनेजरला सांगितलं, फोटो उतरवू नका, मजकूर बदला. यांचं नाव लिहा, हुद्दा लिहा, आणि यांनी काउंटर का काढला ते लिहा. शेवटचं ऐकून त्याचा चेहरा पडला. “मॅडम, इथं लोक खुशीत येतात. जातीबितीचं भिंतीवर नको ना.” मी म्हणाले, “जात तुम्ही आधीच लिहिलीय. वाणी म्हणजे काय, फुलाचं नाव आहे?” त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग खरंच चांगुलपणाने म्हणाला, “आमचं गाव इथून जवळच, होटगी. माझ्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनीही ‘लिहा’ असंच सांगितलं असतं, पण मला भिंत बदलायचा अधिकार नाही.” त्याने ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून दिला. फोटोतल्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकाने तक्रार दिली तरच पुण्याला पाठवता येते. ओळखीच्यांची चालत नाही. तीस तारखेपर्यंत आला तर या वेळच्या बैठकीत जाईल, नाहीतर भिंत आहे तशी.

आमच्या भिशीतल्या अकरा बायका तिथेच सामान घेतात. त्यातल्या एकीने तुमच्यासोबतचा सेल्फी आमच्या ग्रुपवर टाकलाय, खाली लिहिलंय, ‘असे वाणी आता कुठे?’ नऊजणींनी बदाम पाठवले. मी काहीच पाठवलं नाही. मजकूर बदलला की त्या वाचणार, आणि चौकशी करून नातं शोधणार. त्या बायका त्यात पोलिसांना शिकवतील. कुणी मला वाईट बोलणार नाही, तेवढ्या त्या सभ्य आहेत. फक्त पुढच्या महिन्यात माझ्याकडे भिशी असेल तेव्हा कुणाचा उपास निघेल, कुणाचे गुडघे दुखतील. कदाचित मी त्यांच्यावर अन्याय करत असेन. कदाचित सगळ्या येतील आणि दोनदा पोहे मागून घेतील. सत्तरीतल्या बाईला एवढंसुद्धा ठाऊक नाही की तिच्या पंधरा वर्षांपासूनच्या मैत्रिणी तिच्या हातचं खातील की नाही. तुम्हाला हे पहिल्याच दुपारी कळलं होतं आणि त्यावर तुम्ही फळ्या कापल्यात. मी आयुष्यभर पाकिटात बंद राहिले.

फॉर्म समोर आहे. तुमचं पूर्ण नाव, भांडाराचं नाव, तक्रारीचा तपशील हे सगळं पेनने, सिस्टरला आवडेल अशा अक्षरात भरलं. तपशिलाला जागा कमी पडली म्हणून दोन पानं जोडली. नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ लिहिलंय. तो एक शब्द पेन्सिलीने लिहिलाय, आप्पा. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही हे मला कळतं, पण अर्ज देणाऱ्याला उत्तर मिळायला हवं, असं तुम्हीच संचालकांना ठणकावून सांगायचात. तेव्हा मला उत्तर द्या. त्या दिवशी मी इंग्रजीत काय म्हणाले ते तुम्हाला कळलं होतं की नाही? एका शब्दात, तुमच्या हस्ताक्षरात, लेखी. तीस तारखेला त्यांचं ऑफिस सहा वाजता बंद होतं. त्याच्या आत.