हजार रुपयांची तरतूद

२ मार्च, सोमवार
सावंगीच्या दवाखान्याची खेप झाली. पहाटेची गाडी, आर्वीला बदली, मग वर्धा, मग ऑटो. सुमन डायलिसिसच्या मशीनला, मी बाहेर बाकावर. परतीला आंजीच्या अलीकडे सु.ला ओकारी झाली. कंडक्टर भला, गाडी थांबवली. मागून एक पोट्टं, "चला ना बे, उशीर होऊन राह्यला." असा झापला त्याले की वर्ध्यापासून आणलेला सगळा राग त्याच्यावरच निघाला.
घरी चप्पल काढता काढता सु. म्हणते, "आता मी नाई येत."
"मंग काय, मरतं?"
"हो."
भाजी नको म्हणावं तसं. माझं तोंडही म्हणजे…

५ मार्च, गुरुवार
उठलीच नाही. गाडीचा हॉर्न घरापर्यंत ऐकू आला. संध्याकाळी पाय सुजले, दम लागला. पुण्याहून मुलीचा फोन, "बाबा, आईला इकडे आणा." सु. म्हणते, जावयाच्या दोन खोल्यांत मी आजारी बाई कुठं पडू. खरं आहे.
राग याचा येतो की डायलिसिसचं मशीन आमच्याच गावात आहे. दोन आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत, मागच्या दिवाळीपासून, प्लास्टिकसकट. चालवायला माणूस नाही, शुद्ध पाण्याची सोय नाही. डॉक्टर मॅडमचं दर वेळी तेच, "पदंच मंजूर नाहीत काका, मी काय करू?" घरून पायी जाता येते. पायी!

७ मार्च, शनिवार
काल अर्थसंकल्प. पूर्ण भाषण ऐकलं. उभी हयात उपकोषागारात सरकारी बिलं तपासण्यात गेली, सवय जात नाही. "कोणताही नवीन कर नाही" म्हटल्याबरोबर तिकडे बाकं वाजली, इकडे मी मांडीवर थाप मारली.
सु. पलंगावरून, "तुमी काऊन खुश होऊन राह्यले?"
म्हटलं, अगं, लोकांवर बोजा नाही पडला.
"मले कोणी विचारलं नाई. मी दिला असता. साबणावर घ्या, चहापत्तीवर घ्या, दोन रुपये जास्त घ्या म्हणा, पण ते मशीन चालू करा."
सांगणार होतो की एकेका बाईला विचारून राज्य चालत नसते. टीव्ही बंद केला.

९ मार्च, सोमवार
हातापाया पडून नेली.

१० मार्च, मंगळवार
बंडू आला, आमदारसाहेबांचा कार्यकर्ता, पेढ्यांचा पुडा घेऊन. "काका, काकू, नाव आलं आपल्या दवाखान्याचं बजेटात! डायलिसिसची माणसं, पाणी, सगळं!" सु. उठून बसली. पेढा तिला वर्ज्य, तरी चिमूटभर खाल्ला. मी अडवलं नाही.
बंडूला दाराबाहेर नेलं. तरतूद किती रे? त्यानं मोबाइलवर पान दाखवलं. गावाचं नाव बरोबर, कामाचं नाव बरोबर. पुढं रु. एक हजार. बंडू म्हणे, छपाईत शून्य राह्यले असतीन.
कसले शून्य! टोकन तरतूद आहे ती. एस.टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. जागा धरून ठेवायची, पुढं कुठून पैसा वाचला तर पाहू. नोकरीत किती जणांना मीच सांगितलं असेल, टोकनवर नाचू नका लेकहो.
आत आलो तर सु.चा चेहरा. कितीतरी महिन्यांनी असा पाहिला.
"कवा सुरू होईन?"
"दिवाळीपर्यंत." मीच म्हणालो.
"मंग तवापर्यंत येतो मी सावंगीले."
बोलून बसलो. आता?

१२ मार्च, गुरुवार
आज माझ्याआधी तयार. दवाखान्यात शेजारच्या पलंगावर कारंज्याकडची बाई असते, तिलाही सांगून मोकळी झाली. परतीच्या गाडीत मला सगळं ऐकवत होती. बाईनं विचारलं, "आमाले घेतीन का वं तिथं?" हिनं सांगितलं, "येजो ना माय, जेवाले घरीच येजो." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पाप लागते असं, पण हिची भूक वाढली आहे. दोन पोळ्या खाल्ल्या.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा
मशीनला पाडवा नसतो. परत येऊन दुपारी गुढी उभारली, लोकांच्या उतरायच्या आधी आमची एकदाची चढली. सु. हसली. "पुढच्या पाडव्याले सकाळीच उभारू. गावातच राहीन ना मी." मी काठीचा दोरा आवळत बसलो. चांगला आवळला होता, तरी आवळत बसलो.

२२ मार्च, रविवार
आमदारसाहेब मुंबईहून दोन दिवस आलेले. गेलो. माणूस वाईट नाही, चहाचा कप स्वतः हातात दिला. सरळ विचारलं, भाऊ, टोकन काऊन?
"काका, तुम्ही ट्रेझरीतले, तुम्हाले मी काय सांगू. कर वाढवायचा नाई हे आधी ठरलं. मंग आहे त्यातूनच वाटा. पगार, पेन्शन, व्याज याले हात लावता येत नाई. बायांचे महिन्याचे पैसे बंद करू? चपलेनं मारतीन. रस्त्याचे काढू? तुमचीच गाडी बंद पडन. सांगा, कोणाच्या ताटातलं उचलू? तुमची पेन्शन कापू?"
हसत म्हणाले. बसलेले सगळे हसले. मीही हसलो, त्याचंच वाईट वाटते. दुसऱ्या कोणाची बायको असती तर मी हेच बोललो असतो, शब्दाला शब्द.
दारापर्यंत आले. "काकूले सांगा, नाव लागलं आहे. धीर धरा."
सांगतो म्हटलं.

३१ मार्च, मंगळवार
नोकरीत या दिवशी पाणी प्यायला फुरसत नसे. आज दाढी करून आलो तर घर उघडं, सु. नाही. जीवच उडाला. गाव पालथं घातलं. सापडली ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या पायरीवर, त्या खोलीपुढं. एकटी चालत गेलती. खिडकीतून मशीन पाहून झालं होतं. सिस्टर जवळ उभी होती, मला पाहून आत निघून गेली.
"सिस्टरले म्हटलं, दिवाळीले होते ना सुरू. तिनं मॅडमले बोलावलं. मॅडम म्हणे, काकू, कोणं सांगतलं तुम्हाले?"
मी तिच्याजवळ पायरीवर बसलो.
"तुमचं नाव नाई घेतलं मी."
हात धरून घरी आणली. वाटेत जो भेटला त्याला बरी आहो म्हणून सांगत होती. घरी आल्यावर जेवली नाही.

१ एप्रिल, बुधवार
दुपारी तिच्याजवळ जाऊन बसलो. सुमन, खोटं बोललो. दिवाळी माझ्या मनाची. तिथं नाव आहे, पैसा नाही. यंदा नाही, पुढचं माहीत नाही.
"समजलं मले ते."
"उद्या येतं ना पण?"
"काऊन येऊ? तुमी तं कागद पाहून लोकाइले हो-नाई सांगत होते. सांगा मले कारण."
कारणं शोधली. मुलगी. नात. डॉक्टर काय म्हणतात ते. निम्म्यातच गाडी अडली. शेवटी म्हटलं, "माझ्यासाठी ये. मी एकटा नाई राहू शकत." आणि रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य कधी बोललो नव्हतो, तेही अशा वेळी बोललो.
तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमाले तं चहाही धड करता येत नाई."
मग भिंतीकडे तोंड करून पडली. हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही.
उद्या गुरुवार. पहिली गाडी साडेपाचला आहे.