मांजरं खूश, म्हणे!

पुणे, मंगळवार संध्याकाळ

बहिणीच्या लग्नाची तारीख मॅडमना दोन म्हैने आधी सांगितली होती की! आन् आता मॅडम म्हणतात, "अरे, डोक्यातनंच गेलं."

घर आन् मांजरं माझ्यावर सोपवून त्या मनालीला गेल्यात, तिथनं रोज फिरण्याचे फोटो पाठवतात. मी ते टॅबवर लावायचे, त्यांची दोन्ही मांजरं शेजारी बसवायची, फोटो काढायचा आन् मांजरांच्या इन्स्टावर टाकायचा. जणू मांजरंच दाखवतायत, बघा आमची मम्मा कुठं फिरतीय. मजकूर मॅडमचाच. मला वाचायला येळ लागतो, म्हणून न वाचताच चिकटवतो. आज टाकल्यावर वाचलं: "मम्मा अजून चार दिवस थांबणार, आम्ही खूश!"

खूश! परवा गावाकडं मोडनिंबात माझ्या बहिणीचं, सारिकाचं लग्न हाय. मॅडम उद्या येणार होत्या. मला सांगितलं न्हाई, मांजरांकडनं जगाला सांगितलं. ते बी माझ्याच हातानं.

सारिकाचा फोन आला. "दादा, तुझ्या मांजरांना लाईक केलं बघ. नवऱ्याचा कान पिळायला आता त्यांनाच पाठव." हसली आन् फोन ठेवून दिला.

मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "मांजरं सोडून गेलास तर परत येऊ नकोस."

नवरीच्या भावाचा मान, आता चुलत भाऊ नाना कान पिळणार. त्याला सांगितलंय, माझ्या वाटणीचा जोरात पिळ. आहेराचे पाच हजार एक रुपये आत्ताच पाठवतोय.