मदत घेतली असल्यास नाव

५ ऑगस्ट
प्रवेश मिळाला. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला युनिव्हर्सिटीने निवृत्तांसाठी दोन जागा ठेवल्या होत्या. एक माझी. दुसरीकडे कोणी फिरकलंच नाही. माझी नात त्याच वर्गात आहे. म्हणाली, आजी, तू मागे कुठेतरी बसशील ना? मी म्हटलं, चौतीस वर्षं वर्गासमोर उभी राहिले, शेवटी मुख्याध्यापिका झाले, मागे बसायची सवय नाही. पहिला बाक धरला.
संकल्प: नव्वद मार्क. नातीलाही माझा आधार होईल.

७ ऑगस्ट
सरांनी कोर्सचे नियम वाटले. सर चपला घालून शिकवतात, त्यावर वेगळं लिहीन. पाच असाइनमेंट, प्रत्येकी दहा. मिडटर्म वीस, फायनल तीस. शिवाय उशीर करायला प्रत्येकाला सत्रभरात तीन दिवसांची सूट! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर घंटा झाली की दार लावून घेत.
असाइनमेंटच्या शेवटी एक चौकट: 'मदत घेतली असल्यास नाव लिहा.' नाव लिहिलं की मार्क कापत नाहीत. म्हणजे चोराने पावती दिली की चोरी माफ. सरांना तसं वर्गातच सुनावलं. नातीने मान खाली घातली. अभिमानाने असावं.
नक्कल सापडली तर मात्र कोर्समध्ये थेट नापास. हा एक नियम बरा आहे.
नातीला साठ हवेत, नाहीतर दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरची जागा जाते.

२३ ऑगस्ट
पहिली असाइनमेंट: दहापैकी तीन. तपासणारा माणूस नाही, प्रोग्रामच आहे. मी प्रत्येक ओळीवर सुरेख इंग्रजीत टीप लिहिली होती. ती तो वाचतच नाही. अडाणी.

१३ सप्टेंबर
दुसरी: दोन. कीबोर्डची एक कळ अडकते. नातीला नऊ. म्हणाली, आजी, समजावून सांगू का? मी म्हटलं, आधी स्वतःकडे बघ, साधी उशी जागेवर ठेवत नाहीस.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा
तिसऱ्या असाइनमेंटची मुदत आज पाचला. नातीला ताप. तिने उशिराच्या सवलतीतले दोन दिवस घेतले आणि झोपली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा. प्रोग्राम पुरा, एकदा चालवून बघायचा तेवढा बाकी.
मी पाहिला. पाहणं म्हणजे नक्कल नव्हे. मग माझ्या लॅपटॉपवर स्वतः टाइप केला, दीड तास, पाठ मोडली. त्यातल्या आकड्यांना तिने दिलेली नावं क, ख, ग अशी आळशी होती, ती बदलली. टिपा पूर्ण वाक्यांत लिहिल्या. पाचला दहा मिनिटं असताना पाठवला. चौकटीत लिहिलं: 'कोणाचीही नाही.' खरंच आहे. मदत देणाऱ्याने जागं तरी असायला हवं.

१४ ऑक्टोबर
दहापैकी दहा! सूनबाई म्हणाली, अरे वा आई, एकदम? 'एकदम' कशाला हवं होतं?
मागच्या बाकावरची दोन पोरं एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावतात. सरांना दोन पानी पत्र दिलं. नक्कल शोधा, दयामाया दाखवू नका.

२१ ऑक्टोबर
सरांनी वर्गात माझे आभार मानले. सगळ्यांच्या असाइनमेंट सॉफ्टवेअरमधून काढणार. म्हणाले, नावं बदला, टिपा बदला, प्रोग्रामचा सांगाडा तोच राहतो, आणि हे तोच बघतं.
जेवण गेलं नाही. उकाडा फार.

२७ ऑक्टोबर
ऐंशी जणांत एकच जोडी सापडली. मागच्या बाकावरची पोरं स्वच्छ.
माझी असाइनमेंट चार तारखेची. नातीची सहा तारखेची. म्हणजे नक्कल करणारी ती. नापास. काही सांगायचं असल्यास एकतीसला पाचपर्यंत. सर मला म्हणाले, मॅडम, तुमच्याच घरात निघावं, वाईट वाटतं.
सरांनी तिला बोलावलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. घरी विचारलं, का गप्प बसलीस? म्हणाली, आजी, तू पहिल्या बाकावर बसतेस. काय सांगू मी?
उद्या सकाळी सरांकडे जाणार. नक्की.

२८ ऑक्टोबर
गुडघा धरला.

२९ ऑक्टोबर
अशी गोष्ट तोंडी सांगू नये. पत्र लिहायला घेतलं. मूळ दोष सॉफ्टवेअरचा, हे पहिल्या पानावर.

३० ऑक्टोबर
चार पानं झाली. मी काय केलं ते अजून आलेलं नाही. मुलगा म्हणाला, आई, पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. मी म्हटलं, तापाचा अशक्तपणा.

३१ ऑक्टोबर
पाचला दहा मिनिटं असताना सरांच्या खोलीत पोचले. त्यांच्या स्क्रीनवर माझे मार्क उघडे होते: तीन, दोन, दहा. पत्र पुढे केलं. ते म्हणाले, पत्र नको मॅडम, फक्त चौकट दुरुस्त करा. माझीच असाइनमेंट समोर ठेवली. 'कोणाचीही नाही' खोडलं, नातीचं नाव लिहिलं. अर्धं मिनिट लागलं.
तिचे मार्क परत आले. मी नापास, नाव कोर्समधून कमी झालं. सर दारापर्यंत पोचवायला आले. त्यांच्या चपलांवर लिहायचं राहिलं.
घरी आले. नात जेवणाच्या टेबलाशी अभ्यास करत होती. मी सांगितलं, झालं तुझं काम. ती म्हणाली, हो आजी, सरांचा मेल आला. बस, चहा ठेवते.
मी समोरची खुर्ची ओढली. चहा ठेवायला उठण्याआधी तिने लॅपटॉप मिटला. हळूच, आवाज होऊ न देता.