नापास होण्याचा नवस

११ जानेवारी २००४, रविवार
चार वाजताच काळोख. आज जेवताना अमेयने सांगितलं, बोर्डाची तारीख आली. मार्चचा पहिला आठवडा. बोर्ड म्हणजे आर्मीची ऑफिसर निवडायची परीक्षा. पास झाला की इंजिनिअरिंगची फी आर्मी भरणार, वर खर्चालाही देणार. डिग्री झाली की ह्याने ऑफिसर होऊन त्यांची चाकरी करायची.
"आई, मला लोन नको. आर्मी सगळा पैसे देते."
सगळा पैसे! चार वर्षांचा होता इथे वॉटफर्डला आलो तेव्हा. त्याचं मराठी ऐकून एरवी हसू येतं. आज आलं नाही.
सुधीर खूश. ऑक्टोबरात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हापासून पहिल्यांदा जेवणावर नीट बोलला. "पोरगा स्वतःच्या पायावर उभा राहतोय, तुला काय खुपतंय?"
टीव्ही लावला की इराक, बसरा, फौजा. आणि मला काय खुपतंय म्हणे.

१४ जाने.
पुन्हा भांडण. सु.चं म्हणणं, तीन वर्षं तर हा कॉलेजातच असणार. शिकताना कोणी लढाईवर पाठवत नाही. तोवर इराकचं सगळं संपलेलं असेल.
मी म्हटलं, "युद्ध म्हणजे काय तुझं कॉन्ट्रॅक्ट आहे, तारखेला संपायला?"
त्यानंतर तो वर जाऊन बसला. नको तिथे जीभ चालते माझी. पण मी चुकीचं काय बोलले?

२ फेब्रुवारी
नवस बोलले.
सकाळी दोघंही बाहेर गेल्यावर. स्वयंपाकघरातल्या कपाटात बॉयलरशेजारी आमचा देव्हारा, दार उघडलं की देवीच्या तोंडावर गरम हवा येते. हात जोडले आणि स्पष्ट सांगितलं: ह्याला नापास कर. गावी तुझी खणानारळाने ओटी भरीन. पाच सवाष्णी जेवू घालीन.
माझ्या चौथीच्या स्कॉलरशिपला आईने ह्याच देवीला गाऱ्हाणं घातलं होतं, पास कर म्हणून. आमच्या घरात स्कॉलरशिप म्हणजे देवाच्या खालोखाल. आणि मी ही अशी.
दार लावून चष्म्याच्या दुकानात कामावर गेले. दिवसभर चुकीच्या फ्रेम काढून देत होते. मॅनेजरीणबाई म्हणाली, आर यू ऑल राइट, लव्ह?

२ मार्च, मंगळवार
गेला. चार शर्ट इस्त्री करून दिले. स्टेशनवर सोडायला सुधीर गेला. निघताना मी हातावर दही घातलं, नेहमीसारखं. पोराने डोळे मिटून चाटलं आणि म्हणाला, "आता मी पास होणारच."
मला त्याच्याकडे बघवेना.

६ मार्च
परत आला. गुडघे खरचटलेले. पाठीवर नंबर लावून सगळ्यांना फळ्या आणि पिंपं देतात, जमिनीला पाय न लावता खंदक ओलांडायचा. ते म्हणे छान झालं. पण मग एक कागदी प्रश्न: कोणी जखमी, पूल तुटलेला, वेळ कमी, काय कराल? सगळ्यांसमोर उभं करून उलटसुलट विचारतात.
"मी ब्लँक झालो, आई. एकदम. माझा टर्न आली आणि काहीच नाही."
जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. मनात आत कुठेतरी हलकं वाटत होतं, ते त्याला अंगाला अंग लागून कळेल असं वाटलं.

११ मार्च
नापास.
पत्र त्याने स्वतः फोडलं. जिन्याजवळ उभ्याने वाचलं, सुधीरच्या हातात दिलं आणि वर गेला. पत्रात लिहिलंय: शांत आहे, हुशार आहे, पण जगाचा अनुभव कमी, पुढाकार घेत नाही. वर्षभराने पुन्हा यावं.
मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले. पोरगा नापास झाला आणि आई मनातल्या मनात पेढे वाटतेय. असं कोणत्या आईला होत असेल? खरं सांगायचं तर इतकं बरं वाटलं की लागते त्याच्या दुप्पट भाजी चिरून झाली.
मग वरून शॉवरचा आवाज. बराच वेळ. त्याखाली तो रडत होता.
सु. जिन्यात बसून राहिला. त्याला वर जाता येईना आणि मी भाजी फोडणीला टाकली.

१७ एप्रिल
माझी थोरली बहीण वंदनाताई ठाण्याहून मुद्दाम गावी गेली. माझ्या वतीने ओटी भरली, सवाष्णी जेवल्या. तिथूनच फोन. मागे घंटा वाजत होती.
"कशाचा नवस होता गं शुभा?"
"अमेयच्या कॉलेजचा."
"म्हणजे मिळालं ना त्याला?"
"हो, ॲडमिशन मिळाली."
खोटं नाही. इथल्याच युनिव्हर्सिटीत मिळाली आहे, लोन घेऊन, घरून जाऊन-येऊन करणार. मला आणखी काय हवं होतं? फिटला नवस. विषय संपला.

२३ मे, रविवार
विषय कसला संपतोय.
अमेयच्या शाळेतल्या कॅडेटचं, म्हणजे आपल्याकडच्या एन.सी.सी.सारखं, बघणारे एक रिटायर्ड मेजर आहेत. त्यांनी अमेयला सांगितलं, अनुभव कमी म्हणालेत ना, मग टी.ए. मध्ये साधा शिपाई म्हणून भरती हो. टी.ए. म्हणजे टेरिटोरियल, शनिवार-रविवारची फौज. बाकी आठवडा आपापलं कॉलेज, आपापली नोकरी. वर्षभर चिखलात लोळ, माणसं ओळख, मग पुन्हा बोर्ड दे.
गेल्या आठवड्यात हा जाऊन सही करून आला. अठरा पूर्ण, आमची परवानगी लागत नाही.
मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, "आई, हे फक्त वीकेंडचा आहे. डोन्ट वरी."
सुधीर म्हणाला, असू दे, निदान तोंड वर करून चालतोय. ते खरं आहे.
वंदनाताईने कोणाबरोबर तरी प्रसाद पाठवला, साखरफुटाणे. अमेयने मूठभर तोंडात टाकले. "कशाचं प्रसाद?" तुझ्या कॉलेजचा, म्हटलं.

३ ऑक्टो.
कॉलेज सुरू. उन्हाळ्यात पंधरा दिवस ट्रेनिंगला जाऊन आला, खांदे रुंद झालेत. शनिवारी पहाटे जातो, रविवारी चिखल घेऊन येतो. हॉलमधल्या कार्पेटची वाट लागली. ओरडले की बूट हातात घेऊन उभा राहतो, मोठ्ठा हिरवा माणूस, लहानपणासारखा खाली बघत.
सु.ला पण काम मिळालं, मेडनहेडला. रोज एम-पंचवीस हायवेला शिव्या घालतो. बरं चाललंय.
बरं चाललंय असं लिहिलं की मला धास्ती वाटते.

१९ जुलै २००५
ह्या महिन्यात लंडनच्या गाड्यांत स्फोट झाले, तेव्हापासून तो ट्रेनने गेला की घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. आज आला आणि त्याची ती भलीमोठी हिरवी बॅग दारातच टाकली. डब्यात त्याच्या शेजारची बाई उठून दुसरीकडे गेली. मग समोरचा माणूसही. हा सावळा, पाठीला बॅग.
"बॅगवर माझी युनिटचं नाव आहे, आई. कोणी वाचतच नाही."
हसून सांगत होता. जेवला मात्र नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार
बोलावणं आलं. टी.ए.च्या पोरांना रेग्युलर फौजेबरोबर पाठवतात हे मला माहीत होतं, पण ते दुसऱ्यांच्या पोरांना. नोव्हेंबरात बसरा. तिथे हा ट्रक चालवणार. युनिव्हर्सिटी जागा राखून ठेवणार आहे.
मी विचारलं, तू विद्यार्थी आहेस, तुला कसं बोलावलं? सांगेना. मग सुधीरने विचारलं तेव्हा म्हणाला, "त्यांनी विचारलं कोण रेडी आहे. मी हात वर केला."
"का?"
"बोर्डाने मला का नापास केला, बाबा? पुढाकार नाही. एक्सपीरियन्स नाही. आता असणार."
सुधीरने खुर्ची मागे सारली. उठून बागेत गेला, पावसात.
मला ओरडता पण आलं नाही. हात वर करायला त्याला कोणी लावलं ते मला ठाऊक आहे.

१७ सप्टें.
सु.ला सांगितलं. नवसाचं. सगळं.
मला वाटलं चिडेल. देवधर्मावरून आयुष्यभर माझी टिंगल करत आलाय. आधी म्हणाला, "तुझ्या देवीने काय बोर्डाला फोन केला होता? त्याला चारचौघांत बोलता येत नाही म्हणून नापास झाला तो. माझ्यासारखाच आहे." मग म्हणाला, "पास झाला असता तर आज कॉलेजात असता, एवढंच."
एवढंच! मी काय हे मोजलं नसेल? तीन रात्री तेच मोजतेय. आगीतून काढायला गेले आणि फुफाट्यात टाकलं.
तो माझा हात धरून बसला होता. सोडवून घेतला. समजूत घालून घ्यायची माझी लायकी नाही.

८ ऑक्टोबर
दुकानात हेलन आली. तिचा टॉम अमेयबरोबर कॅडेटमध्ये होता, त्याच वर्षी बोर्डाला बसला. तो पास झाला. तिला नवा चष्मा हवा होता, मी नाकावरची पॅडं बसवत होते. तोंडासमोर तोंड.
"टॉम्ज इन सेकंड इयर नाऊ. ॲटलीस्ट दे कान्ट टच हिम टिल ही ग्रॅज्युएट्स, थँक गॉड. हाउ इज अमेय?"
म्हटलं, ही इज गोइंग टू बसरा.
तिने माझं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी आणलं. भली बाई आहे. आणि मला तिचा इतका राग आला की चष्मा हातात होता तो मोडला असता. तिनेही देवाकडे काहीतरी मागितलंच असेल तेव्हा. तिने सरळ मागितलं.
चष्मा घट्ट बसला, म्हणाली. सैल करून दिला.

२९ ऑक्टो.
वंदनाताईचा फोन. आता तिलाही बसऱ्याचं कळलंय; नवस खरा कशाचा होता ते नाही. म्हणाली, देवी तुझं ऐकते गं, कॉलेजच्या वेळी ऐकलं ना? आता पण बोल. मी पुन्हा जाऊन येते, खणाऐवजी साडी नेसवू.
मी म्हटलं, नको.
नको काय म्हणतेस, वेडी आहेस का?
लाइन खराब आहे म्हणून ठेवून दिला.

६ नोव्हेंबर, रविवार
आज गेला. बसने आधी कॅम्पवर, तिथून चार-पाच दिवसांत पुढे.
सुधीर पहाटेपासून त्याची बॅग उगाच उचलून बघत होता, जड आहे रे, जड आहे रे. सगळं झालं तरी अमेय निघेना. बूट घालून स्वयंपाकघरात आला. ओरडले नाही.
म्हणाला, "आई, तू देवीला सांगितलं ना माझ्यासाठी?"
कधी विचारत नाही असं. आवाज पूर्वीचा होता, अगदी लहानपणचा.
सांगितलं, म्हटलं.
"काय सांगितलं?"
सुखरूप आण म्हटलं, अजून काय सांगणार?
"गुड," म्हणाला, आणि वाकून नमस्कार केला. नीट केला, दोन्ही हातांनी.
बस गेली. सुधीर बराच वेळ बाहेर गाडीतच बसून होता. मी कपाटाचं दार उघडून उभी राहिले. हात जोडले. सुखरूप, एवढा एक शब्द. पण तो म्हटला तर ती काय ऐकेल, कसं ऐकेल, सुखरूप म्हणजे तिच्या लेखी काय? मागायचीच भीती बसलीय. चहा गार झाला, सुधीर आत आला, काय करतेस म्हणाला.
अजून सांगितलेलं नाही.